कवा आलास?

बिरू स्वतःशी भांडतो आणि तक्रार घेऊन माझ्याकडे येतो. स्वतःशी भांडणारी माणसं आमच्या विटा गावात कमी नाहीत, पण बिरू दोन्ही बाजूंनी तक्रार करतो.

सकाळी तो पांढरी गांधी टोपी घालून जिना उतरतो, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर बसतो आणि सुस्कारा सोडतो.

"भाऊ, आमचा चित्रकार लय माजलाय. एक लिंबाचं झाड काडायचं, त्येला आटवडा लावलाय गड्यानं. असं काम चालतंय व्हय कंपनीत?"

मी म्हणतो, "समजावून सांग."

"सांगून दमलो," म्हणत तो वर जातो. चहाचा कप विसळून होतो न होतो तोच पुन्हा जिन्यावर पावलं वाजतात. आता डोक्यावर खताच्या कंपनीनं फुकट वाटलेली पिवळी टोपी असते.

"भाऊ, तुमीच सांगा. मॅनेजर म्हंजे निस्ता हुकूम सोडनारा मानूस. लिंबाचा पाला वाऱ्यावर कसा हालतोय, त्यो कवा बगितलाय का त्येनं?"

मॅनेजर बिरू आणि चित्रकारही बिरूच. मी दोघांचीही समजूत घालतो, कारण दोघंही माझेच भाडेकरू.

माझ्या दुकानावरची खोली हे बिरूच्या कंपनीचं ऑफिस. तिथं तो एकटा बसून कॉम्प्युटरवरचा एक खेळ, म्हणजे व्हिडिओ गेम, तयार करतो. गोष्ट त्याची, चित्रं त्याची, आवाज त्याचे, आणि कॉम्प्युटरला समजेल अशा भाषेत ते सगळं लिहून काढणाराही तोच. असे गेम म्हणे परदेशात एकेकटी माणसं करतात. तीही टोप्या बदलतात का, ते मला माहीत नाही. बिरूच्या भिंतीवर मात्र खिळ्यांना टोप्या टांगलेल्या आहेत. त्यातली माकडटोपी प्रोग्रॅमरची. भर उन्हाळ्यात, विट्याचं ऊन अंगाची काहिली करत असताना, हा गडी माकडटोपी घालून बसतो. का, विचारलं तर म्हणतो, "कानात वारं शिरलं की कोडात बग शिरतोय." बग म्हणजे चूक, हे मला आता कळतं. इतकी वर्षं झेरॉक्स काढून जेवढं शिकलो नाही तेवढं मी त्या स्टुलाशेजारी उभा राहून शिकलोय.

सोमवारी वर मीटिंग असते. बिरू सगळ्या खात्यांसाठी चहा करतो आणि सगळा स्वतः पितो. छत पातळ, त्यामुळे खाली सगळं ऐकू येतं. "तर मंडळी, ह्या आटवड्यात बैलगाडी पुरी करायची. कुनाचं काय म्हननं हाय?" मग बराच वेळ शांतता. "मग मंजूर."

बिरू मूळचा विट्याच्या पूर्वेकडच्या एका वस्तीवरचा. बाप मेंढपाळ. पोराच्या मागे मेंढरं लागू नयेत म्हणून बापानं त्याला मिसरूड फुटायच्या आधीच गलाईच्या दुकानात लावून दिलं. गलाई म्हणजे सोनंचांदी आटवून शुद्ध करायचं काम. आमच्याकडची घरटी एक-दोन माणसं त्यासाठी देशाच्या कुठल्यातरी गल्लीत भट्टीपुढं बसलेली असतात. बिरू तामिळनाडूत बसला. आधी पोरगा, मग कारागीर, मग स्वतःच्या दुकानाचा शेठ. दुकानाशेजारी कॉम्प्युटरचं दुकान होतं. तिथं आधी खेळायला गेला, मग खेळ कसा करतात ते बघायला गेला, आणि चाळिशीच्या तोंडाशी आल्यावर एके दिवशी दुकान चुलतभावाच्या हवाली करून परत आला. लग्न राहून गेलेलं. "मागनी आली की आमी भट्टीवर असायचो," एवढंच तो त्याबद्दल सांगतो.

त्याच्या गेमचं नाव 'कवा आलास?'

या गेममध्ये बंदूक नाही, राक्षस नाही, मोटारींची शर्यत नाही. परमुलखात गेलेला एक माणूस बऱ्याच वर्षांनी गावच्या फाट्यावर एसटीतून उतरतो. त्यानं दिवस मावळायच्या आत आपल्या घरी पोहोचायचं. बस्स. वाट म्हणाल तर हाकेच्या अंतराची. पण त्या वाटेवर गाव आहे आणि गावात माणसं आहेत. प्रत्येक दारातून हाक येते, "कवा आलास रं?" पाठोपाठ, "कवा जानार?" आणि मग, "च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई."

चहा घेतला तर वेळ जातो. नको म्हटलं तर माणूस रुसतो, आणि रुसलेला माणूस पुढच्या घरी जाऊन सांगतो की पोरगं शेरात राहून माजलंय. मग पुढची वाट बिकट. पोटात किती चहा मावेल यालाही मर्यादा आहे. ती ओलांडली की माणसाला सगळं सोडून ओढ्याकडे पळावं लागतं. "शुगर हाय" असं सांगून सुटायची सोय बिरूनं ठेवली आहे, पण ती फसवी. एकदा शुगर म्हटलं की अख्खी आळी गोळा होऊन कारल्याचा रस, मेथीचे दाणे आणि तासगावच्या एका वैद्याचा पत्ता सांगत बसते. एवढ्यात दिवस मावळतो.

हा खेळ चालतो की नाही हे तपासायला कंपनीला माणूस हवा होता. मला विचारण्यात आलं. विचारण्यात आलं म्हणजे, मॅनेजरची टोपी घालून बिरू खाली आला आणि म्हणाला, "भाऊ, कंपनीनं तुमाला घेतलंय." पण मी पहिल्याच दारात चहा पीत बसलो आणि हरलो. स्वभावच तसा. शेवटी माझ्या बायकोनं लॅपटॉप ओढून घेतला. तिच्यातला तपासनीस त्या दिवशी जागा झाला.

"अरे बिरू, ही चिंगूकाकू तिसऱ्यांदा नको म्हटल्यावर सोडतेच कशी?" पडद्यावरच्या बाईकडे बोट दाखवत तिनं विचारलं. "आमच्या माहेरी बशीत ओतल्याशिवाय माणसाला हलू देत नाहीत."

बिरूनं टोपी काढून तिला नमस्कार केला. "वहिनी, लय मोटा बग घावला." दुसऱ्या दिवसापासून चिंगूकाकू बशी घेऊन माणसाच्या मागं धावायला लागली.

मग एकदा तो तोंड पाडून आला. "भाऊ, कुत्रं वर गेलं."

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "म्हातारं होतं का?"

"आवं न्हाई. चांगलं तरनं हाय. सकाळपासनं वरच हाय, खाली येईना झालंय."

वर जाऊन पाहिलं तर पडद्यावर पाराच्या वर, ढगांच्या शेजारी, एक पिवळं कुत्रं शेपूट हलवत तरंगत होतं. माकडटोपी घालून बिरूनं ते संध्याकाळपर्यंत जमिनीवर आणलं, पण बायको म्हणाली ते वरच छान दिसत होतं.

आवाजांचा तर त्याला नादच. घरात मिक्सर लावला की वरून हाक, "वहिनी, जरा थांबा, पाटलाची म्हस बोलतीया!" माझ्या झेरॉक्स मशीनचा आवाज त्यानं नेला, उलटा वाजवला, आणि एसटीचं दार म्हणून बसवला. बाजारात तो माणसांच्या मागून चालायचा. कोण पाय घासत चालतो, कोण धोतराचा सोगा धरून. एका म्हाताऱ्यानं त्याला हटकलं, "काय रं, माज्या मागं का लागलाईस?" बिरू नम्रपणे म्हणाला, "तुमची चाल पायजे व्हती, बाबा." पुढचं तो कधी सांगत नाही.

तर असा गेम तयार झाला. ज्या ऑनलाइन दुकानातून असले गेम विकले जातात, तिथं त्याचं पान लागलं, तारीखही लागली. ठिकठिकाणचे गलाईवाले विचारायला लागले, "बिरूशेठ, कधी?" आणि तारीख पुढं गेली. मग पुन्हा पुढं गेली. मॅनेजर खाली येईनासा झाला, चित्रकारही येईना. वरून भांडणाचा आवाजसुद्धा येईना, तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

गुंता काय होता तो बायकोला आधी कळला. एका दुपारी तिनं सगळे चहा, सगळे रुसवे आणि एक कारल्याचा रस पार करून आपल्या माणसाला दिवस मावळायच्या आत घरापर्यंत नेलं. समोर दगडी घर, बंद दार. तिनं दारावर थाप मारली. पडद्यावर अक्षरं आली, 'काम चालू आहे.'

"आता?" तिनं विचारलं.

"आता काय न्हाई, वहिनी. दाराचं काम बाकी हाय."

"अरे, एवढा चहा पिऊन आले मी! उघड की."

बिरूनं दार उघडायचा किती प्रकारे प्रयत्न केला होता ते मग दाखवलं. करकरत उघडणारं दार, वाऱ्यानं उघडणारं दार, एका बाजूनं उघडणारं, दोन्ही बाजूंनी उघडणारं. प्रत्येक दार उघडल्यावर आत अंधार.

"आत कोण आहे?" बायकोनं विचारलं.

बिरू हातातली टोपी उलटीसुलटी करत राहिला आणि वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. मशीन बंद, गिऱ्हाईक नाही. बिरू टोपीशिवाय खाली आला. त्याचे केस इतके पिकलेत हे मला तेव्हाच दिसलं. स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत त्यानं आपणहून सांगितलं.

तामिळनाडूतून परत आला त्या दिवशी तो फाट्यावरून वस्तीपर्यंत चालत गेला होता. वाटेत सगळ्यांनी विचारलं, कवा आलास. त्याला इतका आनंद झाला की थोड्याथोड्या अंतरावर तो थांबत गेला. घरी पोहोचला तर बाप दारातल्या दगडावर चातीवर लोकर कातत बसलेला. आई तर कधीच गेलेली. बापानं मान वर केली, हातातली चाती थांबवली आणि विचारलं, "कशाला आलास?"

"पुढं?"

"पुढं काय न्हाई. चाती फिराय लागली."

दुसऱ्या दिवशी बिरूनं विट्यात माझी खोली घेतली. दर बाजारी तो वस्तीवर किराणा पोहोचवत होता, पिशवी ठेवत होता आणि परत येत होता. बाप म्हणायचा, "ठेव तितं." त्यांचं बोलणं तेवढंच.

"भाऊ, अख्खं गाव 'कवा आलास' म्हनतंय, ते मला लिवाय येतंय," बिरू म्हणाला. "आतलं मानूस काय म्हनल, ते येत न्हाई. लय डोस्कं लावलं. कायबी लिवलं तरी खोटं वाटतंय."

मी म्हटलं, "मग वडलांनाच विचार."

"काय इचारू? आण्णा, माजा गेम अडलाय म्हनू?"

उपाय बायकोला सुचला. आतल्या दारातून ती म्हणाली, "रविवारी गाडी काढा. मला आण्णांची मेंढरं बघायचीत." तिला मेंढरांचं कसलंही कौतुक नाही. माहेरी मटणसुद्धा दुरूनच बघते.

रविवारी सकाळी आम्ही तिघं माझ्या जुन्या व्हॅनमधून निघालो. लॅपटॉप बायकोच्या पिशवीत, वरून शेपूची जुडी ठेवलेली. डांबरी सडक संपली, बाभळी लागल्या, आणि माळावर ते घर दिसलं. मी ते लगेच ओळखलं, कारण बायकोनं पडद्यावर त्याच्याच दारावर थाप मारली होती.

आण्णा म्हणजे उंच, वाळलेला, खारकेसारखा माणूस. डोक्याला पांढरा पटका. आमच्यासाठी बाज टाकली, घोंगडं अंथरलं, चूल पेटवून शेळीच्या दुधाचा चहा स्वतः केला. मुलाकडे बघितलं नाही. मुलगाही पिशवी उतरवून मेंढरांच्या वाड्याकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

बायकोनं शेपू बाजूला करून लॅपटॉप काढला. "आण्णा, बिरूनं काय केलंय ते बघा तरी."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नाही. एक माणूस गावाला आलाय, एवढंच."

आण्णा बाजेच्या कडेला टेकले. मी कळा दाबत होतो. पडद्यावर एसटी थांबली, माझं झेरॉक्स मशीन उघडलं, माणूस उतरला. आण्णा आधी परक्यासारखे नुसते बघत राहिले. मग पाराजवळ एकजण पाय घासत गेला तसे पुढं वाकले. "आरं, ही तर परटाच्या रामाची चाल!" चिंगूकाकू बशी घेऊन धावली तेव्हा त्यांच्या तोंडून हसू फुटलं. पुढंपुढं ते मलाच सूचना द्यायला लागले. "त्या दारात नगा थांबू, ती म्हातारी लय बोलती. हिकडनं वड्यानं घ्या." मी ओढ्यानं घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दिवस मावळायच्या आत घरापाशी पोचलो.

बंद दार.

आण्णांचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी पडद्यातलं घर बघितलं, मान वळवून समोरचं घर बघितलं.

"ह्ये आमचं हाय?"

"तुमचंच," मी म्हटलं.

"मग दार का लावलंय?"

वाड्यात एक कोकरू ओरडत होतं.

"पोरगं यायचं हाय नव्हं ह्यात?" आण्णांनी आवाज चढवला.

"व्हय," बिरू तिकडूनच म्हणाला.

"पोरगं यायचं म्हनल्यावर दार लावत्यात व्हय कुनी?"

बिरू वळला. चेहरा लाल झालेला. "तुमी म्हनला व्हता, कशाला आलास म्हनून."

आण्णांनी पटका काढला, मांडीवर ठेवला, पुन्हा घातला. त्यांना बोलायची सवय नव्हती. एकेक शब्द मेंढरागत वळून आणावा लागत होता.

"म्हनलो. हितं काय हाय रं? पानी न्हाई, पाऊस न्हाई, मानसं न्हाईत. मेंढराच्या मागनं फिरून माजं पाय गेलं, तुजं जाऊ नयेत म्हनून तुला धाडला. चांगलं बस्तान बसलं आन ते सोडून आलास. म्हनून म्हनलो, कशाला आलास." त्यांनी बाजेवरचं घोंगडं सारखं केलं. "जा म्हनलो न्हवतो."

बिरू तिथंच कुंपणाच्या दगडावर बसला. बायको शेपूची जुडी उगाचच सोडून पुन्हा बांधायला लागली. मी लॅपटॉपकडे बघत राहिलो. पडद्यावरचा माणूस दारापुढं उभा राहून अंगावरची धूळ झटकत होता.

मग बिरू आला, बाजेवर बापाच्या शेजारी बसला आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. आम्ही उरलेला चहा संपवेपर्यंत त्याचं काम झालंसुद्धा. करकरणारी, वाऱ्यानं उघडणारी सगळी दारं त्यानं काढून टाकली. नुसती चौकट राहिली, आणि आत दिव्याचा उजेड.

"आण्णा," त्यानं मान खाली घालूनच विचारलं, "त्यो आत आल्यावर म्हातारा काय म्हनल?"

"काय म्हनायचं त्यात? लांबनं आलाय. पान्याचा तांब्या द्यायचा."

"आन बोलायचं काय?"

"पानी पिनाऱ्या मानसासंगं बोलत्यात व्हय?"

गेमचा शेवट तसाच आहे. सबंध गाव बोलबोल बोलतं, आणि घरातला म्हातारा एक शब्दही न बोलता तांब्या पुढं करतो. माणूस पाणी पितो. पाणी घशाखाली उतरल्याचा आवाज येतो. तो आवाज आण्णांचाच आहे. बिरूनं त्यांना त्याच दिवशी तांबे भरभरून पाणी पाजलं होतं.

ठरलेल्या दिवशी गेम बाहेर पडला. त्यानं बिरू लखपती झाला असं काही सांगता येणार नाही. पण तो विकला जातोय, आणि कंपनी पुढच्या गेमच्या तयारीला लागली आहे. कंपनीचा मुक्काम आता बराचसा वस्तीवर असतो. तिकडं मोबाइलला रेंज मिळावी म्हणून बिरूनं गोठ्यावर एक अँटेना चढवलाय. आण्णा त्याला बुजगावणं म्हणतात.

गेल्या महिन्यात बिरू विसरून गेलेली खोलीची चावी द्यायला मी वस्तीवर गेलो होतो. बिरू दारातल्या दगडावर बसून फोनमधलं काहीतरी बापाला वाचून दाखवत होता. केरळातल्या कुठल्याशा गल्लीतून एका गलाईवाल्यानं गेम खेळून त्याला लिहिलं होतं, 'शेवटी म्हातारा बोलत नाही ते बरं केलंत. बोलला असता तर मी भट्टीपुढं गिऱ्हाइकासमोर रडलो असतो.'

आण्णांनी विचारलं, "कुनाचा त्यो?"

"म्हाईत न्हाई."

"कुटल्या गावचा?"

"लिवलं न्हाई त्येनं."

"मग इचार की. असं कसं रं तुमचं?"

बिरूनं विचारलं. आम्ही बसलो असतानाच उत्तर आलं. माणूस टेकाडापलीकडच्या वाडीचा निघाला. त्याच्या बापाचं नाव ऐकलं आणि आण्णा ताडकन उठले. "सुबान्याचं पोरगं व्हय? सुबान्या परवा बाजारात म्हनत व्हता, लय दीस झालं, पोराचा फोन न्हाई म्हनून." त्यांनी पटका आवळला, काठी घेतली. "सांगून येतो त्येला, पोरगं खुशाल हाय म्हनून."

"आवं आण्णा, फोन लावतो की मी."

"फोनवर कुनी सांगतंय व्हय असलं?"

ते निघालेसुद्धा. बिरूनं माझ्याकडं बघितलं, हातातला फोन खिशात घातला, पायात चपला सरकवल्या आणि धावत जाऊन त्यांना गाठलं. टेकाडाची चढण आहे. म्हातारा मधून मधून दम खायला थांबत होता. तो थांबला की बिरूही थांबायचा, चपलेतला खडा काढल्यासारखं करायचा, आणि काठी पुढं पडली की मग निघायचा.